दाबून बसवलेलं नाव

आमच्या शेजारच्या शांताकाकू गेल्या. नाक्यावर त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. काकूंचं नाव अरुंद, जाड अक्षरांत कोपऱ्यात कोंबलंय आणि शोकाकुलांची नावं, गॉगलवाल्या फोटोंसकट, ऐसपैस. फ्लेक्सवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "मंडळाचे सगळे पदाधिकारी बसवायचे होते ना!"

अहो, त्या अरुंद, ठोकळेबाज अक्षरावर माझा राग नाही. एसटीच्या पाटीवर, चिंचोळ्या जागेतही ते पाय रोवून ताठ उभं राहतं, लांबून वाचता येतं. त्याचं कामच ते. पण इथे जागा अडवली कुणी?

दोन खोल्यांत आल्यागेल्याला सामावून घेत काकू आयुष्यभर अंग चोरून झोपल्या. आता स्वतःच्या श्रद्धांजलीतही त्यांनीच सरकून घ्यायचं?