मांजरीच्या गोळीची मॉक ड्रिल

बाबा कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले, पण रिफायनरी काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाली नाही. मांजरीला जंताची गोळी द्यायची, तर म्हणे आधी मॉक ड्रिल! तीनदा तिला नुसता लोण्याचा गोळा चारला. चौथ्या गोळ्यात खरी गोळी घातली, तेव्हा पोट भरलेल्या मांजरीने तोंड फिरवलं. मी वैतागून तो गोळा वाटीत टाकला. दुपारी आईने तोच बाबांच्या थालीपिठावर घातला आणि बाबांनी गोळीसकट मटकावला.

मी घाबरून मांजरीच्या गुजराती डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "जंताची गोळी चुकून पोटात गेलीय." त्यांनी वजन विचारलं.

"ब्याऐंशी किलो."

"बेन, मांजरीला खायला घालता तरी काय?"