जड माणूस बाहेरच्या बाजूला

उद्यानातल्या फिरत्या बाकांचा दांडा अकरा वर्षे ज्यांच्या हाती होता, त्यांना सगळे दांडेबाई म्हणत. चक्राच्या कडेने सोळा बाके, प्रत्येकावर दोघे. दांडा पुढे ढकलला की वेग वाढे, मागे ओढला की उतरे. परंतु दांड्याला हात लावण्यापूर्वी बाई प्रत्येक जोडीला विचारीत, "तुमच्यात जड कोण?"

हा प्रश्न समाजाला मानवणारा नव्हे. नवरे आकाशाकडे बघत, बायका नवऱ्यांकडे, आणि सख्ख्या बहिणी एकमेकींकडे बोट दाखवीत.

प्रश्नामागे उद्धटपणा नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बाई आपल्या शिंपी नवऱ्याला घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्या आतल्या बाजूला, तो बाहेरच्या. चक्राने वेग घेतला तशा त्या घसरत त्याच्यावर आल्या आणि तो कठड्याशी चेपला. चार दिवस त्याला कात्री धरता आली नाही. मला बाहेर कोण ढकलत होते, असे त्यांनी चक्राची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना विचारले, तेव्हा समजले की कोणीच नाही. शरीराला सरळच जायचे असते. त्याला क्षणोक्षणी आत वळवावे लागते. वेगाचा आकडा तोच राहिला तरी दिशा बदलणे हेही त्वरणच, आणि त्वरणाला बल लागते. बाहेर बसलेल्याला ते कठडा पुरवतो. आतल्याला कठडा नसतो, शेजारी असतो. त्याला वळवणारे बल शेजाऱ्याच्या बरगड्यांतून जाते. म्हणून जड माणूस बाहेर.

नव्या व्यवस्थापकांकडे तक्रारी गेल्या. त्यांनी बाईंना बोलावून बजावले की हा प्रश्न पुन्हा कानी आला तर दांडा सुटेल आणि तिकीट-खिडकी मिळेल. त्या संध्याकाळी बाई नवऱ्यापाशी तडकल्या: खिडकीत बसून मी काय करू, तिकिटं काय घसरतात?

त्याच आठवड्यात व्यवस्थापकांची आत्या उद्यान पाहायला आली. देह प्रशस्त, आवाज त्याला साजेसा. तिच्याबरोबर बाकावर बसणारा भाचा काडीसारखा. मध्याजवळ कमी फेकले जाते, म्हणून मी आत बसणार, असे आत्याने जाहीर केले. त्यात तथ्य होते, पण वीतभराच्या फरकापुरतेच. बाई व्यवस्थापकांच्या कानाशी गेल्या. त्यांनी नुसता हात हलवला: हुकूम तो हुकूम.

बाईंनी दांडा पुढे केला. दुसऱ्या फेरीत आत्या सरकली, तिसऱ्या फेरीत व्यवस्थापक दिसेनासे झाले. सूड घ्यायला याहून सोयीची जागा नोकरदाराला क्वचितच मिळते. बाईंनी दांडा मागे ओढला. वेग निम्मा झाला की बल चौथाईवर येते, एवढे त्यांच्या मनगटाला पाठ होते.

"काय गं, जीव गेला का यंत्राचा?" आत्या ओरडली. "मी तिकीट काढलंय. जोरात फिरव."

बाईंनी चक्र थांबवले आणि व्यवस्थापकांकडे पाहिले. जोरात की हळू, हे आता त्यांनीच सांगायचे होते. ते बरगडी चाचपत होते.

"आत्या," ते अखेर म्हणाले, "तू बाहेर बस."

"म्हणजे मी जाड?"

व्यवस्थापकांनी बाईंकडे बुडत्याच्या नजरेने पाहिले.

"मी तुमच्यापेक्षा दोन मापं पुढे आहे, आत्याबाई," बाई म्हणाल्या, "आणि आत बसून मी नवऱ्याच्या बरगड्या शेकायला लावल्या. आपल्यासारख्यांनी बाहेर बसायचं. आपला भार कठडा घेतो, त्याला काही होत नाही."

आत्याने बाईंना नखशिखांत न्याहाळले, दोन मापांची खात्री करून घेतली आणि भाच्याला कोपराने आत सारले. मग दहा फेऱ्या पूर्ण वेगाने झाल्या.

उतरल्यावर व्यवस्थापक कपडे सावरत दांड्यापाशी आले. विचारत जा, म्हणाले, पण जरा हळू आवाजात.

"यंत्राच्या आवाजात हळू ऐकू येत नाही, साहेब," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या जोडीकडे वळून मोकळ्या गळ्याने विचारत्या झाल्या.