फरशीबाई

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं ते मला कळणारही नाही. अक्षरही वाईट आहे. उजव्या हाताची दोन बोटं भाजल्यापासून पुरती मिटत नाहीत, म्हणून ओळी वर चढत जातात. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण एका बाईंबद्दल सांगायचं आहे आणि मला माणसांसमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

त्यांना आम्ही सगळे पेशंट फरशीबाई म्हणायचो. खोलीच्या दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "चपला भाईर! पाय फरशीला लावा!" आवाज असा की औषधाच्या खिडकीपुढची रांगसुद्धा दचकायची. दोन्ही तळवे गार शहाबादी फरशीवर टेकले की मगच त्या कागद उघडायच्या. एक साहेब बूट-मोजे घालून आले होते, त्यांचेही मोजे बाईंनी काढायला लावले. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला ही समुपदेशनाची खोली होती. वेदनेच्या गोळ्या आणि इंजेक्शनं सुटत नाहीत अशी माणसं तिथे यायची. बाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या, घरात निम्मं कन्नड बोलणाऱ्या, आणि तिकडच्या बायकांसारख्या 'मी येतो, मी जातो' म्हणणाऱ्या. समोरची बाई वयाने कितीही लहान असो, तिला त्या अक्का म्हणायच्या.

मी तिथे पोचले त्याचं कारण लिहायला हवं. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मी वाळूचे साचे करायला होते. शोभा माझ्या शेजारी बसायची. एके दिवशी दुपारी वितळलेल्या लोखंडाची लाडल, म्हणजे ओतायची मोठी बादली, कलंडली. शोभा दोन पावलं पुढे होती, मी मागे. शोभा गेली. माझा हात तेवढा भाजला. दुखणं थांबावं म्हणून महिन्याभराच्या कॅप्सूल मिळाल्या. महिना संपला, जखम भरली, पण मी थांबले नाही. एका औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायच्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीची पेटी माझ्याकडे असायची, कारण मी गप्प बसणारी, विश्वासाची. दर आठवड्याला बायका पैसे टाकायच्या आणि दिवाळीला ते वाटून घ्यायचे असा रिवाज. त्या पेटीतले एकवीस हजार मी कॅप्सूलमध्ये घातले. हे कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी नवरा मला ओढतच घेऊन गेला. म्हणाला, "म्याडम, हिला नाद लागलाय. पार नशेडी झालीया बघा." फरशीबाईंनी पेन खाली ठेवलं. "पावणं, तुमच्या घरात कुणाला शुगर हाय काय?" "आईला हाय की." "मग तिला काय म्हणता? साखरचोर?" नवरा दाराकडे सरकला. "ही आजारी हाय. जावा, भाईर च्या पिऊन या जावा." नवऱ्याला असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी मला विचारलं, "अक्का, त्या कॅप्सूलनं तुम्हाला काय दिलं?" सगळे विचारत होते, का खातेस. काय मिळतं ते कुणी विचारलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण गप्प बसून वाट बघायची म्हटलं तर भिंतीसारखी बसायची. तिसऱ्या खेपेला मी फरशीकडे बघत म्हणाले, "गॅसपुढं उभं ऱ्हाता येतंय." खरं तेच होतं. बर्नर भकदिशी पेटला की मला शोभा दिसायची. कॅप्सूल घेतली की ज्वाळ नुसती ज्वाळ असायची, आणि घरच्यांना भाकरी मिळायची.

त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्याला दोन कामं हायत. कॅप्सूल सोडायची आणि गॅसपुढं उभं ऱ्हायचं. एकच केलं तर दोन्ही फुकट."

कॅप्सूल सुटावी म्हणून तिथले डॉक्टर दुसरी गोळी द्यायचे. ती जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. बाकावर आम्ही सातआठ जण तोंड मिटून बसायचो आणि फरशीबाई मास्तरणीसारख्या समोर. एक जुने पैलवान होते, कंबर मोडल्यापासून इंजेक्शनात अडकलेले. गोळी विरघळली की पहिलं वाक्य त्यांचं, "बाई, अख्ख्या कोल्हापुरात धा मिंटं गप बसणारी एवढीच माणसं!" त्यावर बाई म्हणायच्या, "मामा, तुम्ही नऊच मिंटं बसलासा. मी घड्याळ बघितलंय."

दुसरं काम अवघड होतं. त्यांनी टेबलावर एक काडेपेटी ठेवली, बंद. "आज नुसती बघायची." मला घाम फुटला. डोळ्यांपुढे भट्टी आली. "अक्का, पायाला काय लागतंय?" "फरशी." "कशी हाय?" "गार." "भट्टी गार असती काय?" "न्हाई." "मग तुम्ही कुठं हायसा?" "हितं." एवढंच. दर आठवड्याला तेच. पुढे काडेपेटी हातात धरली. मग एक काडी बाहेर काढली. ती ओढायला मला दोन महिने लागले. ओढली त्या दिवशी बाई टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इझवा आता. सरकारी काडी हाय."

शोभाबद्दल त्यांनी मला कधी घाई केली नाही. मी ओक्साबोक्शी रडले तेव्हा समजूत घातली नाही की पाठीवर हात फिरवला नाही. इतकंच विचारलं, "शोभा डब्यात काय आणायची?" मला आठवलं, मेथीची भाजी, त्यात लसूण लई. कितीतरी दिवसांनी मला शोभा जेवताना दिसली.

मग माझी मोठी चूक झाली. चार महिने गेले, कॅप्सूलची आठवण येईना, एक भाकरीही मी भाजली. त्या आनंदात जोतिबाच्या डोंगरावर गेले आणि कपाळाला गुलाल लावून शपथ घेतली, "देवा, ह्यापुढं एक पण गोळी तोंडात घालणार न्हाई." एक पण नाही म्हणजे नाही. दवाखान्यातली जिभेखालचीही मी बंद केली. तिसऱ्या दिवशी नाक-डोळे वाहायला लागले, हाडं पिळून काढल्यासारखी दुखायला लागली. देवाची शपथ म्हणून दवाखान्यात जाईना. चौथ्या दिवशी त्याच जुन्या दुकानातून पाकीट आणलं आणि दोन कॅप्सूल घेतल्या.

उरलेलं पाकीट घेऊन मी फरशीबाईंपुढे जाऊन बसले. वाटलं, आता हाकलणार. त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, देवाला तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीसा. परत जावा. म्हणावं, दुकानातली सोडली, दवाखान्यातली डॉक्टर सांगतील तवर घेणार."

"देव रागावला तर?"

"तर माझं नाव सांगा. म्हणावं, हिनं सांगितलं. मी हितंच असतो, अकरा ते पाच. रविवार सुट्टी."

मी रडता रडता हसले. दुसऱ्या दिवशी खरंच गेले आणि देवाला सगळं नीट उलगडून सांगितलं. खाली उतरले ती तडक दवाखान्यात.

त्यानंतर पेटीचं बोलले. दिवाळी महिन्यावर आली होती. बाई म्हणाल्या, "ही गोष्ट माझ्या तोंडातनं भाईर जाणार न्हाई. सांगायची तर तुम्हीच. पण लपवून ठेवलीसा तर दिवाळीआधी तुम्हाला कॅप्सूल लागणार, हे मी आजच सांगतो." ते मलाही कळत होतं. पण दहाबारा बायकांपुढे उभं राहायचं? मला तर वाण्याकडे जिरे मागायची लाज वाटायची.

बाई उठल्या, पदर खोचला, कमरेवर हात ठेवले. "मी तुमची भिशीवाली. बोला." भिशी चालवणाऱ्या मंगलवहिनींना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण सोंग हुबेहूब वठलं. मी "पैसे" एवढंच म्हणाले आणि त्या ओरडल्या, "आमचं पैसं खाल्लास व्हय गं भवाने?" मी पळाले. बाहेर बाकावर पैलवानमामा म्हणाले, "जा परत. पाठ टेकस्तवर कुस्ती संपत न्हाई." परत गेले. तीन आठवडे बाईंनी मला रोज नवनव्या शिव्या घातल्या. शेवटी मी पूर्ण वाक्य बोलले: मी एकवीस हजार घेतले, गोळ्यांसाठी घेतले, महिन्याला सातशे फेडीन.

खऱ्या बैठकीत मी तेच बोलले. मंगलवहिनींनी शिवी दिली नाही. त्या मटकन खाली बसल्या, आणि ते शिवीपेक्षा वाईट होतं. बाकीच्या बोलल्या, पुष्कळ बोलल्या. त्या दिवाळीत सगळ्यांच्या वाट्याला कमी आलं. कितीतरी दिवस मला कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. पण त्या संध्याकाळी मी दुकानाकडे वळले नाही, सरळ घरी गेले.

सातशे कुठून आणायचे हा प्रश्न होता. फौंड्रीत परत जाणं शक्य नव्हतं. एका खानावळीत भाकरी करायला बाई हवी होती. मी फरशीबाईंना विचारलं, जमेल का. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? तव्याला विचारा." पहिल्या दिवशी आठ झाल्या. आज दीडशे करते.

पुढे वर्षभराने बाईंचं कंत्राट संपलं. पेशंटकडून कपभर चहाही घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. शेवटच्या दिवशी मी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून नेला, आणि देण्याचं धाडस न होऊन बाकावर बसून राहिले. बाई खोलीला कुलूप लावून, चावी देऊन बाहेर आल्या. "वाजलं पाच. आता मी कुणाची बाई न्हाई. आणा हिकडं." पायरीवर बसूनच त्यांनी भाकरी मोडली.

"करपलीया जरा."

"गॅस मोठा झाला हुता."

त्यांचा घास हातातच राहिला. "मोठा झाला? आणि तुम्ही उभ्या ऱ्हायलासा?"

"व्हय."

त्यांनी करपलेल्या कडेसकट सगळी भाकरी खाल्ली, फडकं झाडून, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि गावाकडच्या गाडीला निघाल्या. त्यांचा फोन नंबर मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम हळू बोलतात, चांगल्या आहेत. जिभेखालची गोळी आता अगदी कमी झाली आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा तीही थांबेल.

गेल्या रविवारी भिशीच्या बैठकीत मी शेवटचे सातशे दिले. मंगलवहिनींनी ते मोजले आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "घे. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे परत."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी उभी राहिले. म्हणाले, "नको वहिनी. भिशी भरायला येत जाईन. पण पेटी दुसऱ्या कुणाकडं असू दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, बोलती की ही!" मंगलवहिनींनी पेटी परत आपल्याजवळ ओढली, पेन घेतलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं: एकवीस हजार, सगळे मिळाले.