धाकट्या भंतेंना एक शंका

माझ्या धाकट्या भावाचं, अश्वजितचं, डोकं आतून कसं आहे हे मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. बाहेरून ते दुधीभोपळ्यासारखं लांबट आहे, हे मात्र यंदाच्या जानेवारीत कळलं. आमच्या शिरूर अनंतपाळच्या विहारात सात दिवसांचं श्रामणेर शिबिर होतं. मुंडण करायचं, चीवर नेसायचं आणि आठवडाभर भिक्खूंसारखं राहायचं. नाव बिलोलीहून आईनंच दिलं होतं. "पोरगा नांदेडात नुसता भटकून राहिला, जरा वळण लागंल," असं तिचं म्हणणं. विहार माझ्या सासरपासून दोन गल्ल्यांवर, म्हणून लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे.

शिबिरात प्रत्येकाला नवं पाली नाव मिळतं. आमच्या या धाकट्या साहेबांना शिबिर घेणारे भंतेजी म्हणाले, "अश्वजित हे तर बुद्धांच्या पहिल्या पाच शिष्यांतलं नाव. नवं कशाला? आहे त्या नावाला जागा म्हणजे झालं." साहेबांची छाती फुगली. ती दुपारी बारापर्यंत टिकली. बारानंतर श्रामणेराला अन्न नाही, संध्याकाळी फक्त कोरा चहा. आणि हा प्राणी रात्री अकरालासुद्धा "ताई, खायला काही हाय का?" म्हणून डबे उघडणारा.

दहाला उठणारा साडेचारला उठू लागला. घरी स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो वस्तीतल्या नाल्या उपसू लागला. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला, "फोटू खरा हाय ना गं?"

सकाळी सगळे श्रामणेर रांगेनं भिक्षेला यायचे. नजर भिक्षापात्रावर, पाय अनवाणी. चीवरातल्या माणसाला मोठ्यांनीही वाकायचं, ही आमची रीत. ज्याचे कान मी धरधरून लांब केले, त्याला मी दारात तीनदा वाकून प्रणाम केला. "सुखी व्हा," तो म्हणाला, असा गंभीर की मला चापट मारावीशी वाटली. मी एक चपाती जास्त घातली.

आता आत दडलेली गोष्ट सांगते. अश्वजित बी.एस्सी.ला दोन विषयांत नापास झाला होता. आईला सांगितलं, पास झालो. आई अंगणवाडीत मदतनीस. तिनं गल्लीभर पेढे वाटले. मग तिनं त्याच्या नोकरीचा अर्ज भरायला गुणांचा मार्कमेमो मागितला की हा म्हणायचा, "अजून आला न्हाई." आणि खरं ठाऊक असलेली एकटी मी मागून जोर लावायची, "हाव आई, लई उशीर करतात ते." सात महिने आम्ही दोघं मिळून तो न आलेला मार्कमेमो सांभाळत होतो. आई तशी भोळी, असं आम्हाला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मी विहारात झाडांना पाणी घालायला गेले, तर हा पायरीवर बसलेला. हळूच म्हणाला, "ताई, चौथं शील म्हणताना तोंड कोरडं पडतं गं."

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. मी म्हटलं, "मग पाणी पी."

तो हसला नाही. "मला वाटायचं, श्रद्धा म्हंजे हात जोडायचे. हितं तर रोज पहाटे आपणच आपल्याला पकडायचं." मी झारी घेऊन पुढच्या झाडाकडे गेले. लाज मलाही वाटली होती, पण मी काही चीवरात नव्हते.

पाचव्या दिवशी आमच्याकडे भोजनदान होतं. आई आदल्या दिवशीच उदगीरला गाडी बदलून आली. भंतेजी आणि पाच श्रामणेर जेवले, आम्ही खाली सतरंजीवर बसलो. आशीर्वादाच्या गाथा झाल्या. आईनं हात जोडले.

"भंतेजी, एक शंका हाय."

"विचारा की."

"तुम्हाला न्हाई. या धाकट्या भंतेंना." मग पोटच्या पोराकडे वळून, अहोजाहो करत, "भंते, तुम्ही बी.एस्सी. पास झालात का?"

उरलेल्या वरणाचं पातेलं आत न्यायला मी नुकतीच उठले होते. ते हातातच राहिलं. अश्वजितनं चीवराची कड घट्ट धरली. कान लाल झाले, आणि मुंडण केल्यावर कान लपत नाहीत.

"न्हाई," तो म्हणाला. "दोन विषय राहिलेत."

आई तीनदा वाकली. "साधु, साधु, साधु." मग मान वर करून, "आणखी कोणाला ठाऊक होतं?"

तो गप्प. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, एवढी अक्कल त्याला पाच दिवसांत आली होती. पण त्यानं माझ्याकडे साधी नजरही टाकली नाही, आणि त्यानंच माझा धीर सुटला.

"मला," मी म्हटलं.

"त्येंच्या अंगावर चीवर हाय, त्येंना काही बोलता येत न्हाई," आई म्हणाली. "तुला येतं." आणि तिनं सहा भिक्खूंसमोर मला असं काही धुतलं की सासूबाईंच्या तोंडावर समाधान पसरलं.

राहिलेले दोन दिवस अश्वजितला जड गेले. चीवर उतरलं की काय होणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं भंतेजींना विचारलं म्हणे, "मी अजून महिनाभर राहू का?" त्यांनी विचारलं, का? खोटं बोलायची सोय नव्हती. "आईच्या भीतीनं," तो म्हणाला. भंतेजी पोट धरून हसले. "भीतीनं आलेल्याला इथं धम्म नाही, भातच मिळतो. तोही बाराच्या आत."

सातव्या दिवशी संध्याकाळी तो शर्टपँट घालून आमच्या घरी आला. आठवड्यात पहिल्यांदा, त्याच्यासाठी थांबलेल्या आईच्या पाया पडला. तोफखाना सुरू होणार म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात सरकले.

"परीक्षा कवा?" आईनं विचारलं.

"एप्रिलात. या बारीला अभ्यास करतो."

"खरं?"

त्याचा हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला, चीवर सावरायला. तिथं शर्ट होता. आईनंही ते पाहिलं.

"खरं," तो म्हणाला.

मी साक्ष द्यायला तोंड उघडलं, तर आईनं हातानंच मला थांबवलं.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याचं ताट वाढायला उठली.