शंभर खेळांचा डबा

टीव्हीवर खेळायचा गेम आमच्या घरी आला तो माझ्या हट्टामुळं. मुलांनी मागितलाही नव्हता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल लावायच्या कामावर होते आणि माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. दोन मुलगे शाळेत जायचे. माझी ड्यूटी बहुतेक संध्याकाळची असायची, त्यामुळं दुपारी घर माझं एकटीचं असायचं.

शेजारी भाभी राहायच्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घड्याळं दुरुस्त करायचं काम. त्यांचे धाकटे दीर आखातात नोकरीला होते. ते त्या वर्षी सुट्टीवर आले आणि येताना टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आले. काळा चपटा डबा, हातात धरून खेळायचे दोन दांडे आणि तीन कॅसेटी. एका कॅसेटीत एक खेळ. आमची पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून तिकडं पळायची आणि जेवायला हाक मारली तरी यायची नाहीत. मला ते आवडेना. भाभींच्या घरी त्यांची चार माणसं, त्यात आमची दोन. रोज कुणी कुणाच्या घरी किती बसावं याला मर्यादा असते.

म्हणून मी एका दुकानात गेले. टीव्ही, टेपरेकॉर्डर, पंखे, मिक्सर असं सगळं ठेवणारं मोठं दुकान. मालक बोलायला गोड. त्यांनी लाल पट्ट्याचा एक खोका काउंटरवर ठेवला. खोक्यावर विमान, रणगाडा, मोटार अशी चित्रं होती आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘शंभर खेळ’.

"ह्यात कॅसेट घालायचीच न्हाय वैनी," मालक म्हणाले. "शंभर खेळ आतच भरल्यात. पोरं जलमभर खेळतील."

"आणि बाहेरचा चांगला की हा?"

"भाईरच्यात काय हाय? एक कॅसेट, एक खेळ. कट्टाळा आला की नवी कॅसेट आणायला दुबईला जायाचं काय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट आवडली होती. आमची स्कूटर नंबर लावल्यावर इतक्या वर्षांनी आली होती की पुढं उभा करायचा म्हणून जो मुलगा ठरवला होता, तो मागं बसण्याइतका मोठा झाला होता. रंग कोणता पाहिजे असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. जी मिळाली ती हळदकुंकू वाहून घरी आणली. आता मात्र काउंटरपाशी उभी राहून दोन वस्तूंमध्ये ‘ही का ती’ असं मी विचारत होते आणि दुकानदार मला समजावून सांगत होता. हे सुख आमच्या पिढीला नवीन होतं.

गेम घरी आला आणि गल्लीत दोन तट पडले. कोल्हापुरात तट पडायला कारण लागत नाही. फुटबॉलच्या मॅचला पेठापेठांत जे होतं तेच आमच्या बोळात सुरू झालं. काळा डबा भारी का लाल पट्ट्याचा, यावर पोरं हमरीतुमरीवर यायची. "आमच्यात शंभर हाईत, तुमच्यात तीन," असं माझा धाकटा गच्चीवरून ओरडायचा. भाभींची मुलगी तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायची, "तुमचं चित्र बघा की आधी, रणगाडा हाय का चप्पल तेच कळंना."

पंधरवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमची पोरं पुन्हा भाभींकडं जायला लागली होती. शंभर खेळ घरात असताना तीन खेळांच्या घरी का जावं? मी थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, आपलं सगळं एकसारखंच वाटतंय."

दुसऱ्या दिवशी जेवण आटपल्यावर मी भाभींना हाक मारली. दोघी चटईवर बसलो, दांडा हातात घेतला आणि पहिल्या खेळापासून सुरुवात केली. तोवर मी त्या वस्तूला हात लावला नव्हता. सुरुवातीला माझा रणगाडा भिंतीवर जाऊनच थांबायचा. पण एक्स्चेंजमध्ये तासन्‌तास छिद्रांत वायरी खुपसणाऱ्या बाईला बोटं हलवायला कोण शिकवणार? तासाभरात मला ते जमलं. भाभी तर माझ्याहून चपळ होत्या.

पहिला खेळ रणगाड्यांचा. पुढचा विमानाचा. मग मोटार, मग विटा फोडायचा चेंडू. असे काही वेगवेगळे खेळ झाले आणि पुन्हा रणगाडा आला. फक्त आता तो हिरव्याऐवजी पिवळा होता. त्यानंतर विमान, पण जरा जोरात उडणारं. मग भिंती नसलेला रणगाडा. मग पुन्हा तीच मोटार, उलट्या बाजूनं येणारी.

भाभींनी दांडा खाली ठेवला. "वैनी, ह्ये म्हंजे एकाच पोराला रोज येगळा शर्ट घालायचा आन धा पोरं हाईत म्हणायचं."

आम्ही शेवटपर्यंत गेलो. मध्ये दोनदा चहा झाला. पडद्यावरचा आकडा शंभरावर पोचला तेव्हा खरे वेगळे खेळ दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढेच होते. मला हसू आलं आणि रागही आला. माझा राग पैशासाठी नव्हता. मला समोर बसवून, वैनी म्हणून, गोड बोलून फसवलं याचा होता.

मी खोका घेऊन दुकानात गेले. मालकांनी तो उघडलाही नाही. भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

"शंभर आकडे येत्यात का न्हाय पडद्यावर?" त्यांनी विचारलं.

"आकडे येतात. खेळ येत नाहीत."

"आवो, खोका कंपनीचा, लिवलंय कंपनीनं. आमी काय करणार? आन ह्या मशीनरीच्या गोष्टी हाईत. मिस्टरांना पाठवा, त्येंना सांगतो समजावून."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा निर्णय झाला.

घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले, "सोड की. पोरं खेळत्यात न्हवं? दुकानदाराशी भांडून कुणाचं भलं झालंय?" ते स्वभावानं शांत. फाउंड्रीत दिवसभर आवाज ऐकून घरी त्यांना आवाज नको असायचा. मी म्हटलं, आता ग्राहकांसाठी वेगळा कायदा झालाय, रेडिओवर रोज सांगतात, फसवलं तर दाद मागता येते. ते म्हणाले, "माग. पण कोर्टाची पायरी चढायला लागली तर मी येणार न्हाय." त्यांची मदत एवढीच होती, पण अडवलं नाही हेही खरं.

कोर्टापर्यंत जायची माझी तयारी होती. पण आधी एक साधा उपाय करून बघायचं मी ठरवलं. शनिवारी संध्याकाळी सुट्टी घेतली. भाभींना म्हटलं, तुमचा डबा घ्या, माझा मी घेते. त्यांनी बुरखा घातला, कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि आम्ही रिक्षा केली.

दुकान भरलेलं होतं. समोर मोठा रंगीत टीव्ही चालू होता. मी मालकांना म्हटलं, "मला गेम नीट लावता येत नसेल. तुम्हीच लावून दाखवा."

एवढ्या गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी नोकराला खूण केली. गेम लागला. मी स्टूल ओढून बसले आणि दांडा हातात घेतला. पाचवारी साडी नेसलेली, तिशी उलटलेली बाई टीव्हीवर रणगाडा चालवतेय हे बघायला रस्त्यावरची माणसंसुद्धा पायऱ्यांवर थांबली.

मी ट्रंक कॉलच्या आवाजात बोलत होते. रोज शेकडो लोक माझ्यावर ओरडायचे आणि मी आवाज न चढवता ‘लाइन बिझी आहे’ म्हणायचे. त्याच सुरात मी सांगत गेले, "हा पहिला खेळ. रणगाडा, हिरवा. हा दुसरा. विमान." माणसं कौतुकानं बघत होती. थोड्या वेळानं पिवळा रणगाडा आला.

मुरगूडहून टीव्ही घ्यायला आलेले एक वयस्क गृहस्थ अगदी पुढं, खुर्चीवर बसले होते. ते मालकांकडं वळले. "पावणं, ह्यो तर मगाचाच की."

"रंग येगळा हाय नव्हं काका," मालक म्हणाले.

"बैलाची शिंगं रंगवली म्हणून काय दुसरा बैल हुतोय व्हय?"

दुकान हसलं. मी हसले नाही. पुढचा खेळ लावला. भाभींनी मग त्यांचा काळा डबा जोडायला सांगितला आणि एक कॅसेट घातली. तिच्यात खेळ एकच, पण चित्र असं स्वच्छ की मागं उभी असलेली माणसं पुढं सरकली. "ह्यात एक म्हणलंय आन एक हाय," भाभी म्हणाल्या. एरवी त्या दुकानात दबक्या आवाजात भाव विचारायच्या. त्या दिवशी त्यांचा आवाज पायरीवरच्या माणसालाही ऐकू गेला.

मालक माझ्याजवळ आले. "वैनी, आत या, चहा घ्या, बोलू आपण. कंपनीला मी लिवतो."

"मी कंपनीला ओळखत नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला ओळखते. तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं. पैसे तुम्ही घेतले. मिस्टरांना काही समजवायची गरज नाही, मला समजलंय."

मुरगूडचे गृहस्थ टीव्ही घ्यायचं थांबवून बसले होते आणि आता मालकांकडंच बघत होते. मला वाटतं, माझ्यापेक्षा त्यांच्या त्या थांबण्यानं काम केलं. मालकांनी गल्ला उघडला आणि पैसे परत दिले. खोका स्वतःच्या हातानं आत नेऊन ठेवला. मी आभार मानले, ते मनापासून होते. मुरगूडच्या गृहस्थांनी त्यानंतर टीव्ही घेतला, पण तिथल्या तिथं सगळी बटणं फिरवून बघितल्यावर.

महिन्याभरानं त्या दुकानाच्या काचेत लाल पट्ट्याचे खोके पुन्हा दिसले. ‘शंभर’ या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर हातानं लिहिलं होतं, ‘अनेक’. मला ते चाललं. अनेक म्हणजे अनेक, त्यात खोटं नव्हतं.

तट मात्र मिटले, कारण गल्लीत आता एकच गेम राहिला. भाभींच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. माझं मत तेव्हा पक्कं झालं होतं की बाहेरचा माल तो बाहेरचा माल. ते फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी वीज जास्त दाबानं आली, जळका वास सुटला आणि काळा डबा बंद पडला. दीर परत आखातात गेले होते. गॅरंटी कुठली, पावती कुठली. भाभी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं बरं हुतं वैनी. तुमाला भांडायला माणूस तरी हुतं."

मी त्या वाक्याचा पुढं पुष्कळ विचार केला. लोक वस्तू घेताना चित्र बघतात, वेग बघतात, आकडे बघतात. ती बिघडल्यावर कुणाच्या दारात जायचं हे कुणी बघत नाही. मी तेव्हापासून आधी ते बघते.

त्या डब्यासाठी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. मालकांनी आम्हाला दोघींना एकत्र बघितलं आणि काउंटरवरचं सामान जरा मागं सरकवलं. मी म्हटलं, भांडायला नाही आलो, दुरुस्ती होईल का बघा. त्यांच्या मेकॅनिकनं डबा उघडला, आतलं सगळं नीट होतं, फक्त बाहेरचा वीजपुरवठ्याचा ठोकळा, म्हणजे अडॅप्टर, जळला होता. आपल्याकडचा दुसरा बसवून त्यांनी तो चालू करून दिला. पोरांनी त्या दिवशी शाळेचा अभ्यास केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाभींना आणि मला मिक्सर घ्यायचा होता. दुकानात शिरलो. मालकांनी खोका फोडला, भांडं बसवलं, प्लग लावला आणि विचारलं, "खोबरं आणलंय का आमी देऊ?"

भाभींनी पिशवीतून सुकं खोबरं आणि मूठभर मिरच्या काढल्या. मालकांनी तोंडाला रुमाल लावला आणि बटण दाबलं. सगळं दुकान खोकत होतं. मसाला बारीक झाला. आम्ही दोन मिक्सर घेतले.