बांगडीचं केंद्र

काळाचौकीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतल्या बाई पंचेचाळिशीत दहावीला बसल्यात. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. ते सुटलं तर बालवाडीत त्यांना मदतनीस म्हणून कायम करणार आहेत. रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे शिकायला येतात आणि उंबऱ्याशीच बसतात. कंपास हातातून घसरतो म्हणून वर्तुळ बांगडी ठेवून काढतात. पेन्सिल फिरवताना "जीवा, त्रिज्या, व्यास" असं आरतीसारखं पुटपुटतात.

काल मी म्हटलं, "व्यास काढा." त्यांनी फटकन रेघ मारली.

"ही नुसती जीवा झाली. व्यास केंद्रातून जातो."

"बांगडीचं केंद्र खंय असता, भाऊ?"

"म्हणूनच म्हणतो, कंपास घ्या."

"घेईन. आधी ह्याचं केंद्र मिळू दे."

सममिती शिकवताना मी कागद दुमडून दाखवला होता. ते आठवून त्यांनी वर्तुळ कापून काढलं, अर्धं अर्ध्यावर बसवून दुमडलं, उलगडून पुन्हा आडवं दुमडलं. घड्या छेदल्या तिथे पदराची पिन टोचली. मग कंपास उचलला, टोक त्या भोकात रोवलं आणि आत लहान वर्तुळ काढलं. ते वाकडं आलं.

"ऱ्हवांदे आज," राहू दे म्हणून मी त्यांच्याच मालवणीत म्हटलं.

त्यांनी ते खोडलं आणि कंपास पुन्हा त्याच भोकात रोवला.