काकांच्या गोळ्यांचा डबा

शेजारचे काका गोळ्यांचा डबा पानाच्या डब्यासारखा मिरवत. "ह्यांच्यावरच चालतंय हे इंजिन," असं मोठ्यानं सांगत.

माझ्या आईला गोळ्यांनी चक्कर यायची. डॉक्टर काही गोळ्या बंद करू म्हणाले, तेव्हा त्यांनी आपली आशाच सोडली असं समजून ती रडली. मी समजावून थकलो.

हे कळताच काका आमच्याबरोबर दवाखान्यात आले. त्यांनी आपला डबा डॉक्टरांपुढे सरकवला, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही. "आधी माझ्या कमी करा. वहिनी, महिनाभर माझ्याकडं बघा, मग ठरवा."

डॉक्टरांनी तपासून त्यांच्या दोन गोळ्या थांबवल्या. आई रोज खिडकीतून त्यांना न्याहाळायची. शेवटी म्हणाली, "भावजी हिंडत्यात की! माझ्याबी करा कमी."

आता ती एकटी रंकाळ्यावर फिरून येते. काका दिसले की मी हात जोडतो. "ऱ्हाऊ दे की," म्हणत ते डब्याच्या रिकाम्या कप्प्यातली बडीशेप माझ्या हातावर ठेवतात.